ड्रंक ड्राइव्हची केस: मशीनवर आकडा आला म्हणजे सगळं संपलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकट्या भावाला शनिवारी रात्री पुण्यात नाकाबंदीला धरलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं, ४८ आकडा आला, लायसन्स ठेवून घेतलं, गाडी दुसऱ्या दिवशी मिळाली आणि आता शिवाजीनगर कोर्टाची तारीख आहे. घरातले सगळे म्हणतायत कबूल कर, दहा हजार भर आणि मोकळा हो. वकील लावून लढण्यात काही अर्थ आहे का, आणि बचाव म्हणजे नेमका काय असतो, हे तुम्हाला विचारायचंय.

मी मॅजिस्ट्रेट कोर्टात ह्या केसेस बरीच वर्षं चालवतोय, त्यामुळे जसं दिसतं तसं सांगतो. पहिली गोष्ट, लढायचं की नाही हे भावाने किती घेतली होती ह्यावर ठरत नाही, त्या रात्री पोलिसांनी कागद कसे केलेत ह्यावर ठरतं. लोक वकिलाकडे येतात आणि अर्धा तास पार्टीची गोष्ट सांगतात, कोण कोण होतं, एकच पेग होता, जेवण भरपूर झालेलं, पण मशीनची स्लिप कुठेय विचारलं की म्हणतात ती फेकून दिली बहुतेक. अहो, सगळी केस त्या स्लिपवर आहे!

कायदा आधी बघून घेऊ. मोटर वाहन कायदा १९८८, कलम १८५. गाडी चालवताना किंवा चालवायचा प्रयत्न करताना १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. ३० पेक्षा जास्त, बरोबर ३० आलं तर गुन्हा नाही. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, पुढच्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. आधी दंडाच्या पुढे 'दोन हजारांपर्यंत' असं होतं, २०१९ च्या दुरुस्तीने ते 'दहा हजार' केलं आणि 'पर्यंत' काढूनच टाकलं, म्हणून साहेब थोडं कमी करा म्हणून हात जोडण्यात आता फार दम राहिला नाही. आणि हे चलन रस्त्यावर भरून मिटत नाही, तडजोडीच्या कलमात १८५ नाहीये, कोर्टातच जावं लागतं. रस्त्यावर कोणी मिटवतो म्हणाला तर तो कशाबद्दल बोलतोय हे तुम्हाला कळतंच, त्या भानगडीत पडून दुसरा गुन्हा अंगावर घेऊ नका.

ह्या कलमात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आकडा ३० च्या वर गेला की तुम्ही गाडी किती छान चालवत होता ह्याला काही किंमत नाही. 'मी सरळ लेनमध्ये होतो, स्पीड चाळीसचा होता, बोलणं पण नीट होतं', हा बचाव नाही. गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता हे पोलिसांना फक्त ड्रग्जच्या केसमध्ये दाखवावं लागतं, दारूच्या केसमध्ये आकडा पुरतो. म्हणून सगळी लढाई एकाच ठिकाणी होते, तो आकडा विश्वासार्ह आहे का आणि तो तुमच्याच भावाचा आहे का.

आता स्लिप. मशीनमधून जी कागदाची पट्टी निघते ती मोबाईलच्या टॉर्चखाली धरून नीट वाचा, कारण ती थर्मल कागदावर असते आणि काही महिन्यांत पांढरी होते, म्हणून आजच फोटो काढून ठेवा. तिच्यावर मशीनचा नंबर, टेस्टचा नंबर, तारीख, वेळ, आकडा आणि बहुतेक मशीनमध्ये शेवटचं कॅलिब्रेशन (मशीन बरोबर आकडा दाखवतं का ही तपासणी) कधी झालं ती तारीख असते, खाली नाव, लायसन्स किंवा गाडीचा नंबर पेनाने लिहिलेला असतो आणि सह्या असतात. काही मशीन आकडा टक्क्यात देतात, ०.०४८ म्हणजेच ४८ मिलिग्रॅम, त्यात गोंधळू नका. मग ही स्लिप फिर्यादीशी जुळवून बघायची. फिर्यादीत घटनेची वेळ रात्री ११.४० आणि स्लिपवर ११.१५ असेल तर थांबवायच्या आधीच टेस्ट झाली का? मशीनचं घड्याळ पुढेमागे असतं हे खरं, पण मग ते साक्षीदाराने कोर्टात सांगावं लागतं आणि घड्याळ चुकीचं असेल तर बाकीचं बरोबर कशावरून, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. एका रात्रीत एकाच मशीनवर ओळीने कितीतरी माणसं फुंकतात, तेव्हा टेस्ट नंबर आणि नाव ह्यांची अदलाबदल होणं काही अशक्य नाही. सही घेतलीच नसेल तर तो मुद्दा वेगळा.

कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट हा दुसरा कागद. मशीन ठरावीक काळाने तपासून घ्यावं लागतं आणि त्या तारखेला त्या नंबरच्या मशीनचं सर्टिफिकेट चालू होतं का, हे फिर्यादी पक्षाने दाखवायचं असतं. चार्जशीटसोबत ते बऱ्याचदा जोडलेलंच नसतं. कलम २०३ च्या स्पष्टीकरणात असंही आहे की ब्रेथ टेस्टचं मशीन केंद्र सरकारने अधिसूचनेने मंजूर केलेल्या प्रकारचं हवं, हा मुद्दा उलटतपासणीत घ्यायचाच, पण एकट्या त्याच्यावर केस टांगू नका, मॅजिस्ट्रेटगणिक त्याचं वजन बदलतं.

आणि ब्लँक टेस्ट. प्रत्येक माणसाच्या आधी मशीनने नुसती हवा ओढून शून्य दाखवायला पाहिजे, म्हणजे आधीच्या माणसाची दारू आत राहिलेली नाही हे कळतं. केरळ हायकोर्टात असं एक प्रकरण गेलं होतं, तिथे ब्लँकमध्येच शून्याऐवजी आकडा दिसत होता, तेव्हा कोर्टाने त्या टेस्टवर विसंबायला नकार दिला. उलटतपासणीत हवालदाराला साधे प्रश्न विचारायचे असतात. पाइप नवीन लावला होता का? पाकीट कोणासमोर फोडलं? त्या आधी कोणाची टेस्ट घेतली, तो पॉझिटिव्ह होता का? मशीनने शून्य दाखवलं का, ते कुठे लिहिलंय? माणूस खरा असेल तर प्रामाणिकपणे सांगतो की साहेब गर्दी होती, पन्नास गाड्या थांबलेल्या, आठवत नाही. हे 'आठवत नाही' रेकॉर्डवर आलं की तुमच्या वकिलाचं निम्मं काम झालं, तिथे थांबायचं असतं, उत्साहात अजून एक प्रश्न विचारून साक्षीदाराला सावरायची संधी द्यायची नाही. नवीन वकील इथेच घाण करतात.

मशीन तुमच्या रक्ताला हात लावत नाही. ते श्वासातलं अल्कोहोल मोजतं आणि साधारण २१०० ला १ ह्या ठरलेल्या प्रमाणाने रक्तातला आकडा काढून देतं. हे प्रमाण सरासरी आहे, माणसागणिक आणि वेळेगणिक ते हलतं. त्यात शेवटचा घोट घेऊन पाच मिनिटांत फुंकलं, ढेकर आली, उलटी झाली किंवा अल्कोहोलवाल्या माउथवॉशने नुकतीच चूळ भरली, तर तोंडात राहिलेलं अल्कोहोल आकडा फुगवतं. म्हणून पंधरा मिनिटं थांबून मग टेस्ट घ्यावी असं म्हणतात, आणि नाकाबंदीत ती पंधरा मिनिटं कोणी थांबत नाही. हा खरा वैज्ञानिक मुद्दा आहे. पण लोक त्याची माती करतात. 'मी कफ सिरप घेतलं होतं', 'द्राक्षासव घेतो रोज दोन चमचे', हे ऐकून ऐकून कोर्ट कंटाळलंय. आणि समजून घ्या, अल्कोहोल कशातून आलं हे कलम विचारतच नाही, रक्तात ३० च्या वर असेल तर ते व्हिस्कीचं असो नाहीतर आसवाचं असो, गुन्हा तोच. तोंडातलं होतं, रक्तात नव्हतं, एवढाच बचाव चालतो, आणि तो ३४, ३६ अशा काठावरच्या आकड्याला चालतो. १२० आलंय आणि म्हणे माउथवॉश, तर कोर्टरूममधले बेंच क्लार्कसुद्धा हसतात.

डायबेटिसवाल्यांच्या श्वासात अॅसिटोन असतं म्हणून मशीन फसतं, असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. जुन्या सेमीकंडक्टर सेन्सरच्या मशीनला ते लागू होतं, फ्युएल सेलवाल्या मशीनला नाही. त्यामुळे आधी मशीन कुठलं ते बघा.

रक्ताची टेस्ट झाली असेल तर खेळ बदलतो. भावाची झालेली दिसत नाही, पण अपघाताच्या केसमध्ये हमखास होते, म्हणून सांगतो. रक्त घेताना कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची नाही, बाटलीत रक्त गोठू नये म्हणून आणि सडू नये म्हणून दोन्हीची पावडर लागते, साधारण पोटॅशियम ऑक्झलेट आणि सोडियम फ्लोराइड. फ्लोराइड नसेल आणि नमुना गरमीत चार दिवस पडून राहिला तर जंतूंमुळे बाटलीतच अल्कोहोल तयार होऊ शकतं. मग सील कोणी केलं, पोलीस स्टेशनला ते कुठे ठेवलं, मुद्देमाल रजिस्टरला नोंद आहे का, लॅबला कोण हवालदार घेऊन गेला, लॅबच्या पावतीवर सील शाबूत लिहिलंय का, ही साखळी बघायची. सलमान खानच्या वांद्र्याच्या २००२ च्या अपघाताची केस आठवत असेल, सेशन्स कोर्टाने मे २०१५ मध्ये पाच वर्षं दिली आणि डिसेंबरमध्ये हायकोर्टाने सोडलं. त्या निकालात इतर कारणं होतीच, पण रक्ताचा नमुना घेण्यापासून लॅबपर्यंतचा पुरावा कोर्टाला पटला नाही हे एक मोठं कारण होतं. राज्य सरकार पुढे सुप्रीम कोर्टात गेलं तो भाग वेगळा. आणि २०२४ च्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी हॉस्पिटलचे डॉक्टरच अटक झाले. तेव्हापासून पुण्यात पोलीस नमुन्याच्या बाबतीत जास्त सावध झालेत असा माझा अनुभव, ढिलाई पूर्वीइतकी सापडत नाही.

लॅबचा सी.ए. म्हणजे केमिकल अॅनालायझरचा रिपोर्ट कोर्टात तज्ज्ञाला न बोलावता दाखल करता येतो, पण रिपोर्टवर शंका असेल तर तज्ज्ञाला समन्स काढा असा अर्ज आपण देऊ शकतो. फार थोडे वकील देतात.

जुने लेख वाचून कोणी सांगेल की कायद्यात फक्त ब्रेथ अॅनालायझर लिहिलंय, रक्ताच्या रिपोर्टवर १८५ लागूच होत नाही. हा मुद्दा २०१९ च्या आधी खरोखर चालायचा आणि त्यावर केसेस सुटल्यात. दुरुस्तीत 'किंवा लॅबोरेटरी टेस्टसह इतर कुठलीही टेस्ट' हे शब्द घातले आणि तो दरवाजा बंद झाला. तसंच 'जागेवर नोटीस दिली नाही' म्हणून कलम २०९ काढणारे भेटतात, ते कलम फक्त १८३ आणि १८४ साठी आहे, म्हणजे स्पीड आणि धोकादायक ड्रायव्हिंग, १८५ ला ते लागत नाही.

दोन तासांचा मुद्दाही असाच अर्धवट पसरलाय. कलम २०२ सांगतं की १८५ मध्ये अटक केली तर दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर कस्टडीतून सोडावं लागेल. सोडावं लागेल, निर्दोष नाही. त्यात बहुतेक नाकाबंदीत रीतसर अटक होतच नाही, तारखेची नोटीस देतात आणि घरी पाठवतात. त्यामुळे भावाच्या केसमध्ये आधी स्टेशन डायरी आणि अटक पंचनामा आहे का बघायचं, असेल तर वेळा जुळवायच्या. अटक करून पोलीस स्टेशनला नेलं असेल तर तिथे परत एकदा ब्रेथ टेस्टची संधी द्यायची असते, हे २०३ मध्ये आहे आणि ते बहुतेक वेळा केलेलं नसतं, हा मुद्दा मला दोन तासांच्या मुद्द्यापेक्षा जास्त आवडतो.

गाडी खरंच चालवत होता का? हा बचाव ऐकायला बाळबोध वाटतो पण कधी कधी सगळ्यात मजबूत असतो. मागच्या सीटवर झोपला होता, ड्रायव्हर बोलावलेला होता, गाडी बंद होती, चावी खिशात होती. 'चालवायचा प्रयत्न' सुद्धा गुन्हा असल्यामुळे स्टिअरिंगवर बसून इंजिन चालू केलं असेल तर अडचण आहे. रस्त्यावर टेस्ट घ्यायचा अधिकार सार्वजनिक जागेवरच्या ड्रायव्हिंगसाठी आहे, म्हणून सोसायटीच्या आतल्या पार्किंगमध्ये धरलं असेल तर भांडायला जागा आहे. आणि ड्रायव्हर अॅपवर बुक केला असेल तर बुकिंगचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

फुंकायलाच नकार द्यायचा, हा सल्ला पार्टीत फार मिळतो. नकार देऊ नका. कलम २०५ प्रमाणे कारण नसताना नकार दिला तर तो तुमच्याविरुद्ध धरता येतो, वर संशयावरून अटक होते आणि मग रक्त द्या म्हणतात. दमा आहे, फुंकता येत नाही, असं खरं कारण असेल तर ते तिथेच सांगून लिहून घ्यायला लावायचं.

टेस्टच नसेल आणि नुसतं 'तोंडाला वास येत होता, तोल जात होता, डोळे लाल होते' एवढंच असेल तर १९७१ चा सुप्रीम कोर्टाचा बच्चूभाई हसनअली कारयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आहे, एवढ्यावरून माणूस प्यायलेला होता असा निष्कर्ष काढता येत नाही असं त्यात म्हटलंय. अजूनही रोज कुठेतरी वाचून दाखवला जातो. पण इन्शुरन्सवाल्यांपुढे तो दाखवू नका! २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस ह्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टेस्ट झाली नसली तरी बाकीच्या परिस्थितीवरून ड्रायव्हर दारूच्या अमलाखाली होता असं धरून कंपनी गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारू शकते. ती पण पोर्शेच होती, दिल्लीतली. म्हणजे क्रिमिनल कोर्टातून सुटलात तरी गॅरेजचं बिल खिशातूनच.

अपघात झाला असेल, कोणाला लागलं असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि वकिलाशिवाय एक शब्द बोलू नका, १८५ कबूल तर अजिबातच करू नका. मग भारतीय न्याय संहितेची कलमं येतात, २८१, १२५, आणि माणूस गेला असेल तर १०६ म्हणजे पाच वर्षांपर्यंत, किंवा सदोष मनुष्यवधाचं १०५ म्हणजे दहा वर्षांपर्यंत. कार्टर रोडला २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर मेले, त्या अॅलिस्टर परेरा केसमध्ये २०१२ साली सुप्रीम कोर्टाने सदोष मनुष्यवधच धरला, आणि त्यात रक्तातल्या दारूचा आकडा समोर होताच. तुम्ही दहा हजार भरून मिटवलेला कबुलीजबाब तिथे तुमच्याच समोर ठेवला जातो.

आता तुमच्या भावाचं. ४८, अपघात नाही, पहिली वेळ. खरं सांगतो, स्लिप स्वच्छ असेल, सही असेल, कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट जोडलेलं असेल, तर निर्दोष सुटायची आशा कमी आहे आणि दोन वर्षं तारखा करण्यापेक्षा कबूल करणारे शहाणे असतात. पण 'दहा हजार आणि विषय संपला' हे खोटं आहे. दोषी ठरवलं की मोटर वाहन कायद्याच्या कलम २० प्रमाणे लायसन्स किमान सहा महिने जातं. दोषी म्हणून नोंद होते, पुढची वेळ 'दुसरा गुन्हा' म्हणून मोजली जाते. सरकारी नोकरीचा फॉर्म, पोलीस व्हेरिफिकेशन, अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म, जिथे अटक झाली होती का हेसुद्धा विचारतात, सगळीकडे ते लिहावं लागतं. भाऊ आयटीत आहे आणि ऑनसाइटचं चाललंय म्हणालात, मग मी आधी चार्जशीटची नक्कल काढेन, मगच ठरवेन. कबूल करायचंच ठरलं तर पहिला गुन्हा, वय, नोकरी हे सांगून प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायद्याचा (शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायचा) फायदा मागणारा अर्ज सोबत द्या, मिळेलच असं नाही, पण मागितलाच नाही तर कोर्ट आपणहून क्वचितच देतं.

लायसन्सचं आरटीओत वेगळं चालतं, कोर्टाशी त्याचा संबंध नाही असं धरून चाला. पोलीस लायसन्स तिकडे पाठवतात, कलम १९ खाली कारणे दाखवा नोटीस येते, तिला लेखी उत्तर द्या, गप्प बसलात तर एकतर्फी सस्पेंड होतं. ऑर्डर मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील आहे. तोपर्यंत 'कोर्टात केस चालू आहे ना' म्हणून गाडी चालवत फिरू नका, सस्पेंड लायसन्सवर सापडलात तर तो आणखी एक गुन्हा.

तारखेला भावाने स्वतः हजर राहायचं, आधार कार्डाची झेरॉक्स, नोटीस, स्लिप किंवा तिचा फोटो आणि जामीनदार लागला तर एक माणूस सोबत. पहिल्या तारखेला कोर्टाने 'गुन्हा कबूल आहे का' विचारलं आणि तुमचं ठरलेलं नसेल तर 'कबूल नाही, वकील नेमायला वेळ हवा' असं सरळ सांगायचं, त्यात कोर्टाचा अपमान वगैरे काही नसतो. कॉरिडॉरमध्ये काळा कोट घालून 'बारा हजारात सगळं करून देतो' म्हणणारे भेटतील, ते कबुलीच देतात, फक्त दोन हजार स्वतःचे लावून.